मापारीणबाईंनी लाटेची फळी पारखली

केशोरीत शामकलाबाईसमोरून कोणी झाकलेली पिशवी घेऊन जात नाही. गेलाच तर ती बसल्या जागेवरून सांगते, "सव्वादोन किलो वांगी. आन त्यातली दोन किडकी." धान खरेदी केंद्रावर चौदा वर्षं मापारीचं काम केलेली बाई. पोतं काट्यावर चढायच्या आधीच तिच्या हाताला वजन कळतं. दाणा दाताखाली धरला आणि 'कट्' वाजला तर वाळलेला, दबला तर ओला. ओला धान आणणाऱ्याची ती जी शोभा करते, ती ऐकायला माणसं आपलं पोतं मोजून झालं तरी रेंगाळतात. तिचा नवरा बिसराम तर म्हणतो, लग्नात गळ्यात हार घालायच्या आधी हिनं तो तळहातावर तोलून पाहिला होता. खरंखोटं तोच जाणे. तिच्यासमोर मात्र तो हे म्हणत नाही.

तर झालं असं, की धरणाकाठी हिमांशुसेठचं रिसॉर्ट आहे आणि बिसराम तिथे बोट चालवतो. यंदा सेठनं कुठूनशी जुनी पण दणकट बोट आणली. इंजिन मधोमध, पंखा बोटीच्या पोटाखाली. बोटीबरोबर गोव्याचा एक माणूस चार दिवस आला होता. बोट एका अंगानं जड करायची, म्हणजे मागे कमरेएवढी लाट उठते. माणसानं फळीवर उभं राहायचं, दोरी धरून लाटेच्या कुशीत यायचं आणि मग दोरी सोडून द्यायची. पुढे ती लाटच त्याला ढकलत नेते. केशोरीच्या अर्ध्या लोकांनी हे काठावर उकिडवं बसून पाहिलं आणि उरलेल्या अर्ध्यांनी त्यांच्याकडून ऐकलं.

बिसरामची एकोणीस वर्षांची मुलगी टीना मात्र पाण्यात उतरली. पाचव्या वर्षापासून तळ्यात डुंबणारी पोर, डोंग्यात उभी राहून जाळं फेकणारी. तिसऱ्या दिवशी तिनं दोरी सोडली. गोव्याचा माणूस आपली फळी काखेत मारून परत गेला आणि जाताना सेठला म्हणाला, ही मुलगी शिकवू शकेल.

सेठ गोंदियाचा. शब्द तोलून नाही, मोजून देणारा. त्यानं शामकलाबाईला बोलावलं. "देखो बाई, रविवारी नागपूरहून एका मोठ्या कंपनीचे पाहुणे येत आहेत. जगह पसंत पडली तर वर्षभर त्यांचे लोक येतील. टीनाने त्या दिवशी जमवलं तर शिकवायची नोकरी तिची, बारा महिन्यांची. नहीं जमा, तो गोवा से आदमी बुलाऊंगा. बोर्ड, म्हणजे ती फळी, तुम्ही पसंत करा, बारा हजार मी देतो. उससे ऊपर एक रुपया नहीं."

"पन सेठ, मले त्यातलं काय समजते?"

"तुम्हाला माल समजतो ना? बस."

आता घरातली गोष्ट सांगायलाच हवी, कारण गल्लीत ती सगळ्यांना ठाऊक होती. टीनाचं नाव हैदराबादच्या एका औषध कारखान्यात, डब्यांच्या पॅकिंगसाठी, लिहून झालं होतं. सोमवारची गाडी. बॅग खाटेखाली भरून ठेवलेली. शामकलाबाईनं "जा" म्हटलं नाही की "नको जाऊ" म्हटलं नाही. पण त्या आठवड्यात ती झाडू मारताना खाटेखाली झाडू घालत नव्हती, हे शेजारच्या पुष्पाबाईनं बरोबर हेरलं होतं.

गुरुवारी मायलेकी अर्जुनीहून रेल्वेगाडीनं गोंदियाला गेल्या. बाजाराच्या मागच्या गल्लीत पीयूष नावाच्या तरुणाचं दुकान. जुनी व्यायामाची यंत्रं, तंबू, सायकली आणि कुठल्याशा बंद पडलेल्या वॉटर पार्कातून उचललेल्या फळ्या. तीन होत्या. एक काळी, आखूड, टोकदार, चकचकीत. एक नारिंगी, लांबलचक, रुंद, ओरखड्यांनी भरलेली, म्हशीच्या पाठीसारखी. तिसरी निळी, मध्यम, वरून नव्यासारखी.

टीनाची नजर काळीवर चिकटली. "माय, हे पाह्य ना! हेच घेऊ."

"हात नको लावू. माल पाह्यताना तोंड बंद ठेवावं."

शामकलाबाईनं तिन्ही फळ्या एकेक करून दोन्ही हातांवर घेतल्या. काळी उचलली, ठेवली. नारिंगी उचलली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. एवढं धूड आणि एवढं हलकं! तिनं आयुष्यभर एकच शास्त्र शिकलं होतं: हलका तो पोचट, भरला तो जड. सुपातून उडतो तो कोंडा, राहतो तो दाणा. निळी उचलली आणि तिचा चेहरा खुलला. अंगानं मध्यम, पण हाताला ठणठणीत.

"हे भरलेलं हाये," ती म्हणाली.

"मौसी, नजर पारखी आहे तुमची," पीयूषनं तत्काळ री ओढली. "नयी जैसी है. ती नारिंगी तर कोणी विचारतसुद्धा नाही."

दुकानदार आपल्या निवडीचं कौतुक करतो तेव्हा सावध व्हावं, हे तिनं गावातल्या किती बायकांना शिकवलं असेल! पण त्या दिवशी ती स्वतःच भुलली. निळी फळी जुन्या लुगड्यात गुंडाळून दोघी गाडीत बसल्या. डब्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "इस्त्रीचं टेबल काय गा?" दुसऱ्यानं विचारलं, "पाय कुठं गेले त्याचे?" टीना खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्या आल्या शामकलाबाईनं फळी केंद्रावरच्या काट्यावर चढवली, कारण काट्यावर न चढवता तिनं घरात आजवर एक नवराच तेवढा घेतला होता. पाच किलो शंभर. तिनं खडूनं आकडा खांबावर लिहिला आणि निवांत झोपली.

शुक्रवारी सकाळी बिसरामनं बोट काढली. पाण्यानं भरलेले डबे डाव्या अंगाला रचले, चार नोकर त्याच बाजूला बसवले. लाट उठली, फेसाळ, उंच. टीना लाइफ जॅकेट घालून पाण्यात उताणी झाली, टाचा फळीच्या कडेवर, दोरी हातात. बोट हळू ओढू लागली. अशा वेळी फळी तळपायाखाली आपोआप उभी व्हायला हवी. निळी फळी उभी होण्याऐवजी नाक खाली घालून आत शिरली. टीना तोंडावर आपटली.

"पुन्ना!" बिसराम ओरडला.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती अर्धी उभी राहिली, फळी एका बाजूला बसली आणि तिला घेऊन गेली. चौथ्यांदा, पाचव्यांदा. प्रत्येक पडण्याला टीनाचा चेहरा लहान होत होता. काठावर सेठ फोन कानाला लावून फिरत होता आणि मधेच "गोवा" हा शब्द ऐकू येत होता. काठावरच्या लोकांचं काय, त्यांना फुकट तमाशा. एकजण म्हणाला, "फळीच पोरीवर बसून राहिली, पोरगी काही फळीवर बसत नाई."

"बोटीचा पंखा बराबर हाये ना?" शामकलाबाईनं काठावरून विचारलं.

"बोटीले काय झालं? त्या दिवशी हेच बोट होती, हेच पोरगी होती!" बिसराम चिडून ओरडला. त्याला आपल्या बोटीवर बोट ठेवलेलं खपत नाही.

म्हणजे बदललं होतं ते एकच. शामकलाबाई साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरली आणि टीनाच्या हातून फळी घेतली. काल जी हाताला ठणठणीत वाटली होती, ती आज हाताला ओढत होती. तिनं फळी उभी धरली. खालच्या बाजूला तीन छोटे पंख स्क्रूनं बसवलेले होते. मधल्या पंखाच्या मुळाशी पाण्याचा एक थेंब आला, थांबला, आणि ओघळला. त्यामागे दुसरा आला.

ती पाण्याबाहेर आली. फळी खांद्यावर घेऊन थेट केंद्रावर. काटा थरथरला आणि पाच किलो नऊशेवर थांबला. खांबावर कालचा आकडा होता, पाच शंभर. चौदा वर्षं ज्या हातानं गावाला ओला धान परत न्यायला लावला, त्याच हातानं ती ओला माल गोंदियाहून, गाडीचं तिकीट काढून, लुगड्यात गुंडाळून घेऊन आली होती. फळीच्या पोटातला फोम कधीचा पाणी पीत होता. जे तिला भरलेलं वाटलं, ते पाणीच होतं.

"कोनाले सांगू नको," ती टीनाला म्हणाली.

सांगायला उरलं कोण होतं? केंद्राच्या दारात सहा डोकी उभी होती.

त्या दिवशी घरात कोणी नीट जेवलं नाही. टीनानं खाटेखालची बॅग ओढून चेन तपासली. "माय, राहू दे. सोमवारी जातो मी. तू त्या सेठपाशी कायले हात जोडशील?"

"मी हात जोडतो का?" शामकलाबाई भाताचं पातेलं खरकन ओढून म्हणाली. "मी माल परत करून राहिली. उद्या पहिल्या गाडीनं."

शनिवारी दुकान उघडायच्या आधीच त्या दोघी पायरीवर हजर. पीयूषनं दोघींना पाहिलं, फळी पाहिली आणि शटर वर करताकरताच पाठ केलेलं म्हणून टाकलं. "मौसी, जुना माल वापस नहीं होता. दीवार पर लिखा है."

"हे पानी पिलेलं हाये."

"पाण्यात चालवलं तर पाणी लागणारच ना? मैं क्या करूँ?"

वाद घातला असता तर तो जिंकला असता, रोजची सवय त्याची. शामकलाबाईनं वाद घातला नाही. तिनं पिशवीतून पेचकस काढला, फळीचे तिन्ही पंख खोलून काउंटरवर ओळीनं ठेवले, आणि फळी शेपटीवर उभी करून दुकानाच्या बरोबर दारात, त्याच्या नव्या पायपुसण्यावर टेकवली. मग बाजूला स्टूल ओढून बसली. टीनाला म्हणाली, "बस."

"हे काय चालवलंय?"

"काही नाई. वाळत घातलं."

स्क्रूच्या भोकांतून पाणी यायला लागलं. टप्. मग थांबून, टप्. दहा मिनिटांत पायपुसणं काळं पडलं. सायकल बघायला आलेला एक जण दारात थबकला. "ये क्या है भाई?"

"फळी," शामकलाबाई गोड आवाजात म्हणाली. "परवाच घेतली. नयी जैसी है."

गिऱ्हाईक फळीकडे बघत राहिलं, मग सायकलीच्या टायरला वाकून बोट लावून बघू लागलं. पीयूषच्या कपाळावर घाम आला. घड्याळात साडेअकरा. दुपारची गाडी चुकली तर रविवारची सकाळ हातची जाणार, हे शामकलाबाईला ठाऊक होतं. पदराखाली तिच्या मुठी आवळलेल्या होत्या. पण तोंडावर देवळात बसल्यासारखी शांती. टप्. टीना आईकडे बघत होती आणि तिला पहिल्यांदाच कळत होतं, की केंद्रावर धिप्पाड धिप्पाड शेतकरी या बाईपुढे मवाळ का होतात.

तिसरं गिऱ्हाईक दारातूनच परत फिरलं तेव्हा पीयूष हात जोडून आला. "मौसी, दूसरा ले लो, पण उठा."

"आता कसा बोलला बाबू. आता खरं सांग. नवशिक्याले कोनतं लागते? तुह्या बहिनीले देत हायेस असं समजून सांग."

पीयूषनं एकदा रस्त्याकडे पाहिलं, मग आवाज खाली केला. "ती नारिंगी. लांब, रुंद, जाड. पाण्यावर जास्त तरंगते, डुलत नाही. तीन पंख आहेत म्हणून सरळ चालते. ओरखडे वरवरचे आहेत. माणूस जितका वजनी, तितका बोर्ड मोठा लागतो. काळी वाली तर येणाऱ्यांसाठी आहे, ज्यांना आधीच येतं त्यांच्यासाठी."

"मले येते ना!" टीना उसळली. "माय, काळी घे. त्या म्हशीवर मी कशी दिसीन?"

शामकलाबाई तिच्याकडे वळली. "तू शिकायले जाऊन राहिली का शिकवायले?"

टीनाची नजर काळीवरून नारिंगीवर गेली.

"त्या रिसॉर्टात कोन येते ते मी पाह्यलं नाई का? एकेक पाहुणा म्हनजे दीड दीड पोतं. त्याले काळीवर उभा करशील तर तो धरनाच्या तळाशी उभा राह्यल."

यावेळी हलकेपणाला ती भ्याली नाही. नारिंगीचे पंख खोलून भोकं बोटानं चाचपली, कोरडी. कडेकडेनं अंगठा दाबत दाबत सगळी फळी फिरली, कुठे मऊ लागते का बघायला, जसा दाणा दाताखाली दाबावा तसा. सांध्यावर तांब्यानं पाणी ओतून ते मुरतं की ओघळतं हे पाहिलं. ओघळलं. पीयूषच्या काट्यावर चढवली, मग स्वतःवर विश्वास नव्हता म्हणून शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर चढवली. दोन्हीकडे आकडा एकच. गाडी सुटायला चार मिनिटं असताना त्या फलाटावर पोचल्या.

सरावाला वेळ उरलाच नाही. रविवारी सकाळी नागपूरचे सात पाहुणे काठावर खुर्च्या टाकून बसले. त्यांचे मोठे साहेब, टकले, शहाण्णव किलोचे. आकडा कोणी सांगितला नव्हता, शामकलाबाईनं खुर्चीचे पाय मातीत किती रुतले ते पाहून काढला. हिमांशुसेठ पाहुण्यांना चहा देत होता आणि टीनाकडे बघतही नव्हता.

टीना पाण्यात उतरली. पहिल्यांदा पडली. काठावर कोणीतरी "अरेरे" म्हणालं. शामकलाबाईनं पदराचं टोक दातात धरलं. दुसऱ्यांदा बोट ओढू लागली, नारिंगी फळी तळपायाखाली झटकन आली आणि टीना उठली. सरळ उठली. लाट मागून चढली, तिनं दोरी बोटीत भिरकावली आणि मोकळ्या हातांनी, गुडघे वाकवून, लाटेवर राहिली. काठावर टाळ्या पडल्या. बिसराम इतका खूश झाला, की बोट वळवायचं विसरून वेळूच्या बेटाकडे निघाला होता.

पण मोठे साहेब टाळ्या वाजवता वाजवता थांबले. "सेठजी, ही मुलगी सुंदर करते. पण ती पाण्यातच वाढलेली आहे. आमचे लोक दिवसभर खुर्चीवर बसणारे. हे आमच्याच्यानं होईल?"

सेठचा चेहरा पडला. जे मिळालं असं वाटलं होतं, ते त्या एका वाक्यानं हातातून निसटायला लागलं. आणि तेवढ्यात टीना, ओली, धापा टाकत, काठाशी आली आणि म्हणाली, "सर, तुमीच या. मी उभा करतो तुमाले."

काठावर हशा पिकला. साहेब हसले, मग हसायचे थांबले, मग बूट काढू लागले.

जॅकेटचे पट्टे शेवटच्या भोकात गेले. टीनानं त्यांना उताणं केलं, टाचा फळीवर ठेवल्या, स्वतः शेजारी गळाभर पाण्यात तरंगत राहिली. "सर, ओढायचं नाई. उठायचं नाई. बोट उठवते. तुमी फक्त खुर्चीवर बसल्यासारखे राहा."

"ते मला येतं," साहेब म्हणाले.

पहिल्यांदा साहेब दोरी ओढायला गेले आणि पालथे झाले. पाणी तोंडात गेलं, खोकला आला. सेठ उभा राहिला. "बस करो, बस करो, कुछ हो जाएगा!" बिसरामनं इंजिन बंद करून बोट थांबवली, मगच टीना त्यांच्याजवळ गेली. दुसऱ्यांदा साहेब अर्धे उठले, फळी त्यांच्याखाली दबली, डगमगली. फळी बुडाली नाही, वर आली, पण साहेबच घाबरून बाजूला पडले. काठावर आता कोणी हसत नव्हतं. साहेबांचा एक सहकारी म्हणाला, "सर, राहू द्या." साहेब पाण्यातून टीनाकडे बघत होते, आणि शामकलाबाई साहेबांकडे. माघार घ्यायची वेळ आली की माणूस आधी डोळ्यांनी माघार घेतो, हे तिला माहीत होतं.

"सर," टीना म्हणाली, "फळी चांगली हाये. तुमीच तिच्यावर भरोसा करून नाई राहिले."

साहेबांनी दोरी पुन्हा धरली.

बोट हळू, फार हळू ओढू लागली. बिसरामनं आयुष्यात इतकं जपून यंत्र चालवलं नव्हतं. नारिंगी फळी साहेबांच्या तळव्याखाली आली. शहाण्णव किलो वर आले, गुडघे वाकलेले, पाठ मागे, तोंड उघडं. फळीनं ते वजन घेतलं, जराशी बसली आणि पुढे सरकली. एक, दोन, तीन... काठावरचे सहा जण मोठ्यानं मोजू लागले. अकराव्याला साहेब दोन्ही हात वर करून पडले, आणि पाण्यातून वर आले ते लहान पोरासारखे ओरडत.

शामकलाबाई जमिनीवर बसली.

सेठ तिच्याजवळ आला. "बाई, टीना सोमवार से आ जाए."

तिनं मान वर केली. आवाज केंद्रावरचा. "लिहून द्या."

"अरे, माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"गुरुवारी मी माह्याच हातावर विश्वास ठेवला होता, सेठ. लिहून द्या. बारा महिने असं लिहा."

सेठनं रिसॉर्टच्या बिलाच्या पाठीवर लिहिलं. तिनं ते एकदा वाचलं, मग सावकाश पुन्हा वाचलं, तारीख घालायला लावली आणि सही तपासली. कागद घेऊन ती पाण्याच्या कडेला गेली. "टीना! ए टीना! इकडे ये, पाह्य हे!"

पण टीनाला वेळ नव्हता. साहेबांच्या मागे आणखी तिघं बूट काढत होते आणि ती पहिल्याच्या टाचा फळीवर नीट ठेवत ओरडत होती, "ओढायचं नाई सर, ओढायचं नाई!"